सल्ला: चाळीस डॉलरचा खोका, अकरा जुन्या कुंड्या आणि शेजारच्या आजी

पत्र असं आलंय (थोडं छोटं करून देते):

"ताई, आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो. आमच्या शेजारच्या आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत, घर विकून असिस्टेड लिव्हिंगमध्ये गेल्या. जायच्या आधी गराज सेल होता त्यात त्यांनी मला एक खोका ४० डॉलरला दिला, म्हणाल्या सगळाच घेऊन जा. त्यात ११ जुन्या सिरॅमिकच्या कुंड्या निघाल्या. एक मोठी ब्राऊन आहे, तिच्यावर पाइनकोन (पाइनच्या झाडाची बोंडं) उठावदार काढलेत, खाली काहीच लिहिलेलं नाही पण चंदेरी स्टिकरचा तुकडा चिकटलेला आहे. एकीवर रोझव्हिल लिहिलंय, एका छोट्या मॅट निळ्या कुंडीखाली ज्वाळांसारखं चिन्ह आहे, एकीवर हल आर्ट, दोनांवर मॅकॉय आणि बाकी पाचांवर नुसतं यूएसए. पाइनकोनसारखीच एक ऑनलाइन ६०० डॉलरला दिसली आणि तेव्हापासून मला झोप नाहीये. विकाव्या असं वाटतं, मी एच-फोरवर (नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) घरीच आहे, हाच छोटा बिझनेस करता येईल का? डाग ब्लीचने काढू का? सासूबाई आल्यात, त्यांना मोठी कुंडी तुळशीसाठी हवीये आणि नवरा शनिवारी तिला खाली भोक पाडून देणार आहे. आणि आजींना मी फसवलं का हो?"

अगं, सगळ्यात आधी नवऱ्याला ड्रिल खाली ठेवायला सांग. बाकीचं सगळं नंतर वाचलंस तरी चालेल.

भोक पाडलं की त्या कुंडीची किंमत तिथल्या तिथे अर्ध्याहून खाली येते, आणि पाडताना तडा गेला तर तेवढीही राहत नाही. या मोठ्या कुंड्यांना इथे जार्डिनिअर म्हणतात आणि त्यांना भोक नसतंच, कारण माती त्यांच्यात थेट भरायचीच नव्हती. साधी मातीची कुंडी आत ठेवायची आणि ही बाहेरून शोभेला, असा तिचा वापर. तेव्हा तुळस नर्सरीच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लाव, खाली बशी ठेव आणि ती कुंडी हिच्यात ठेव, पाणी घालायच्या वेळी बाहेर काढ. सासूबाईंची तुळस पण झाली आणि कुंडी पण वाचली. माती थेट भरू नकोस याला अजून एक कारण आहे, जुन्या ग्लेझमध्ये (वरच्या काचेसारख्या थरात) बऱ्याचदा शिसं असतं आणि तुळशीची पानं आपण चहात टाकतो, तोंडात टाकतो, तुळशीचं तीर्थ घेतो. खायच्या कुठल्याही झाडाची मुळं या ग्लेझला लागू द्यायची नाहीत हा माझ्या घरात नियमच आहे. आणि थंडीत बाहेर ठेवू नकोस हं, आत मुरलेलं पाणी गोठलं की कुंडी फुटते. तुळस तर तशीही आत आणावीच लागते तुम्हाला.

ब्लीचचं पण आत्ताच सांगून टाकते, नको. मी केलंय ते. दहाएक वर्षांपूर्वी मला एक सुंदर हिरवी मॅट कुंडी मिळाली होती, आतून सगळे तपकिरी डाग, मी ती रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि सकाळी अशी लख्ख निघाली की मी दहा जणींना फोटो पाठवले. महिन्याभराने ग्लेझच्या बारीक भेगांमधून पांढरी पूड बाहेर यायला लागली आणि मग ग्लेझचे टवके उडाले. ब्लीच त्या भेगांमधून आतल्या मातीत मुरतं, वाळताना त्याचे खडे होतात आणि ते खडे ग्लेझला आतून ढकलतात. अजून वाईट वाटतं मला त्या कुंडीचं. तू फक्त कोमट पाणी, दोन थेंब भांड्याचा साबण आणि मऊ ब्रश वापर, बास. आणि पाइनकोनच्या तळाला पाणी लावूच नको, तो चंदेरी स्टिकर म्हणजे तिचा जन्माचा दाखला आहे.

आता कुंड्यांकडे येऊ. तू कोलंबसमध्ये बसून हे विचारतेयस याची मला फार गंमत वाटली, कारण तुझ्या घरापासून पूर्वेला तासाभराच्या ड्राइव्हवर झेन्सव्हिल आहे, आणि त्या खोक्यातल्या बऱ्याचशा कुंड्या तिथल्या नाहीतर आसपासच्या गावांतल्या असणार. त्या भागात डोंगरात चांगली माती, भट्ट्यांना नैसर्गिक वायू, माल न्यायला नदी आणि रेल्वे, त्यामुळे तिथे जवळजवळ जिथे बघाल तिथे पॉटरी होती. रोझव्हिल ही कंपनी रोझव्हिल गावात सुरू झाली आणि मग झेन्सव्हिलला गेली, १९५४ला बंद पडली. वेलर झेन्सव्हिलची, १९४८ला बंद. मॅकॉय १९१० सालची, रोझव्हिल गावातली, ती १९९० पर्यंत टिकली. हल शेजारच्या क्रुक्सव्हिलची. म्हणजे आजींच्या खिडकीतल्या कुंड्या म्हणजे त्यांच्या गावाकडचा माल आहे गं, आपल्याकडे कोल्हापूरच्या घरात कोल्हापुरी चपला निघाव्यात तसं.

ओळखायचं कसं, तर आधी हातात घे आणि उलटी कर. आमची आई उन्हाळ्यात माठ घ्यायला गेली की आधी बोटाने टिचकी मारून ऐकायची, खणखणीत आवाज आला तरच पुढे भाव करायची, बद्द आवाज आला की कुंभाराला म्हणायची हा राहू दे. मी इथे एस्टेट सेलमध्ये, म्हणजे घर रिकामं करताना सगळं सामान विकतात तिथे, आजही तेच करते. कुंडी तळहातावर ठेव आणि काठाला हलकी टिचकी मार. बद्द वाजली तर कुठेतरी हेअरलाइन, म्हणजे केसाएवढी बारीक भेग आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. मग एक स्वस्तातला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घे आणि बाथरूमचा दिवा बंद करून त्याच्या उजेडात फिरवून बघ. जिथे कोणी टवका भरून वरून रंग मारलाय ती जागा बऱ्याचदा वेगळी चमकते. पुढे विकताना हे दोन्ही उपयोगी पडेल तुला.

पाइनकोन. रोझव्हिलची ही सगळ्यात गाजलेली डिझाइन, फ्रँक फेरेल नावाच्या त्यांच्या डिझायनरची, १९३०च्या दशकातली. ती ब्राऊन, हिरवी आणि निळी अशी यायची आणि निळीला सगळ्यात जास्त मागणी, मग ब्राऊन. त्या काळात बऱ्याच रोझव्हिलच्या खाली नुसता कागदाचा नाहीतर चंदेरी स्टिकर असायचा, तो धुऊन गेला की कुंडी बेनाव होते, म्हणून खाली काही लिहिलेलं नाही याने घाबरू नको. तुझ्या वर्णनावरून मला ही खरी वाटते. फांदीसारखा हँडल आणि सुया (पाइनची पानं) नीट टोकदार आहेत का बघ, खऱ्या पाइनकोनमध्ये प्रत्येक सुई वेगळी मोजता येते.

जिच्यावर रोझव्हिल लिहिलंय तिच्याबद्दल मात्र मला शंका आहे. मोठ्या पत्रात तू लिहिलंयस की अक्षरं उठावदार आहेत आणि खाली यूएसए नाहीये. १९४०च्या दशकातल्या फुलांच्या कुंड्यांवर उठावदार अक्षरात रोझव्हिल, मग यू.एस.ए., मग आकार नंबर आणि डॅशनंतर इंच असं असतं, म्हणजे शेवटी ८ असेल तर साधारण आठ इंची. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून चीनमधून याच फुलांच्या नकला आल्या, आणि त्यांच्यावर यू.एस.ए. नसतं किंवा पुसट असतं, ती जागा कधीकधी रिकामी दिसते. अजून एक युक्ती, टेपने मोज. नक्कल बऱ्याचदा खऱ्या कुंडीवरच साचा घेऊन केलेली असते आणि माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे नक्कल खरीपेक्षा थोडी लहान निघते. रंग पण भडक असतात, पाकळ्यांच्या कडा लोण्यासारख्या वितळलेल्या. ही नकली निघाली तर वाईट वाटून घेऊ नको, आजींनासुद्धा कोणीतरी खरी म्हणूनच दिली असेल. पण ती विकायची नाही. "रोझव्हिल स्टाइल" असं लिहूनसुद्धा नाही, कारण दोन मालकांनंतर ते "स्टाइल" गळून पडतं आणि कोणीतरी पूर्ण पैसे मोजतं. माझ्या बाबतीत तेच झालं होतं, एका अँटिक मॉलमध्ये मी १२० डॉलर मोजले होते, आणि तो राग अजून गेला नाही. तिच्यात मनी प्लँट लाव.

आणि आता ती छोटी मॅट निळी, ज्वाळावाली. तू तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस आणि मी मात्र खुर्चीत सरळ होऊन बसले. ती रुकवुड आहे. सिनसिनाटीची, म्हणजे ती पण ओहायोचीच. मारिया लॉन्गवर्थ निकोल्स नावाच्या बाईने १८८० साली सुरू केली, १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानी भांडी बघून तिला हे वेड लागलं, आणि त्या काळात एका बाईने एवढा कारखाना उभा करणं ही काय गोष्ट असेल विचार कर. त्यांच्या खुणेत आर उलटं असतं आणि पीला पाठ लावून उभं असतं. १८८७ पासून दर वर्षी एक ज्वाळा वाढवत गेले आणि १९०० पर्यंत चौदा झाल्या, मग जागाच उरली नाही म्हणून १९०१ पासून खाली रोमन आकडा टाकायला लागले. तू भिंग घेऊन बघ, खाली दोन एक्स आणि एक आय असेल तर ती १९२१ची. कुंडीच स्वतःचं वय सांगते, असं दुसऱ्या कुठल्या भांड्यात इतकं सरळ मी पाहिलेलं नाही. मग बघ की आकार नंबराशिवाय एखादं कोरलेलं छोटं अक्षरचिन्ह आहे का. हाताने चित्र काढणारे कलाकार आपली सही तशी करायचे, आणि तशी सही असली तर ही ऑनलाइन घाईत विकायची वस्तू नाही, आर्ट पॉटरीचे लिलाव करणाऱ्या एखाद्या ऑक्शन हाऊसला फोटो पाठवून आधी अंदाज घे, बरेच जण तो फुकट देतात. सही नसेल तर ती साच्यातली प्रोडक्शन कुंडी, तरी चांगलीच. आणि तळाला चाकाने घासून फुली मारलेली दिसली तर ती कारखान्याने सेकंड, म्हणजे थोडा दोष असलेली ठरवलेली, तेही खरेदीदाराला सांगायचं.

हल आर्टची कुंडी मॅट असेल, गुलाबी-निळी अशी फिकट उतरत गेलेली? मग ती बहुतेक १९५०च्या आधीची. जून १९५० मध्ये क्रुक्सव्हिलला पूर आला, पाणी पेटलेल्या भट्ट्यांमध्ये शिरलं, स्फोट होऊन आग लागली आणि सगळा कारखाना गेला. १९५२ला परत सुरू झाला पण तो जुना मॅट ग्लेझ त्यांना पुन्हा तसा जमला नाही, नंतरच्या कुंड्या बहुतेक चकचकीत आहेत. म्हणून हल गोळा करणारे लोक आधी हात फिरवून बघतात, खडबडीत-मऊ लागली की त्यांचे डोळे चमकतात.

मॅकॉय आणि नुसतं यूएसएवाल्या, या फुलवाल्यांच्या कुंड्या. हॉस्पिटलमध्ये भेटायला जाताना रोपटं घालून न्यायच्या त्या. यूएसए एकटं असेल तर मॅकॉय असेल, शॉनी असेल, अजून दहा कंपन्या असतील. बहुतेक १० ते ३० डॉलरच्या. पण यांना कमी लेखू नको गं. काही लोक म्हणतात साच्यातलं ते आर्ट नव्हेच, मला हे पटत नाही. महामंदीच्या वर्षांत साध्या घरातल्या बाईला खिडकीत ठेवायला एक सुंदर रंगाची वस्तू थोड्याशा सेंटमध्ये मिळाली ती या साच्यांमुळेच.

६०० डॉलरचं काय? तो कोणीतरी मागितलेला भाव आहे, कोणी दिलेला नाही. मागायला काय, मी पण माझ्या पोळपाटाचे हजार मागेन. ईबेवर सोल्ड आयटेम्सचा फिल्टर लाव, तोच रंग तोच आकार तोच इंच टाक, आणि गेल्या तीन महिन्यांत खरंच किती मिळाले ते लिहून काढ. आकडा बराच खाली येईल. वीसेक वर्षांपूर्वी साध्या फुलांच्या रोझव्हिललासुद्धा खूप भाव होता, आता गोळा करणारे म्हातारे झालेत, त्यांची मुलं घर रिकामं करतायत, माल जास्त आणि घेणारे कमी. खूप चांगल्या, दुर्मिळ वस्तूंचे भाव टिकून आहेत, मधल्यांचे नाही. त्यात ईबेचे साधारण १३ टक्क्यांच्या आसपास जातात आणि मोठ्या कुंडीचं शिपिंग वेगळंच.

विकताना टवका, भेग, डाग, सगळ्याचा फोटो काढ, तळाचा दोनदा काढ. ग्लेझच्या जाळीसारख्या बारीक भेगांना क्रेझिंग म्हणतात, ती वयाची खूण आहे, ती लपवायची नाही आणि तिची माफी पण मागायची नाही, नुसतं लिहायचं. पॅकिंग करताना कुंडीच्या आत कागद गच्च भर, बबल रॅपचे तीन-चार थर, मग एक खोका, आणि तो खोका अजून मोठ्या खोक्यात, मध्ये सगळीकडून दोन-दोन इंच भराव. हँडलवर दाब येऊ देऊ नको, हँडलच आधी जातं. एका खोक्यात पाठवलेली माझी कुंडी टेक्ससला सात तुकड्यांत पोचली होती, समोरची बाई वाईट काही बोलली नाही, नुसता फोटो पाठवला.

आता बिझनेसचं, हे नीट वाच. तुझ्याकडे एच-फोरचं ईएडी, म्हणजे काम करायचं परमिट, आहे का ते तू लिहिलं नाहीस. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर असेल तर २०१५ पासून ते काढता येतं. ते नसेल तर तुला इथे काम करायची परवानगी नाही, आणि विकण्यासाठी म्हणून वस्तू विकत घेत राहणं हे कामच धरलं जाऊ शकतं, घरून केलं तरी, ऑनलाइन केलं तरी. घरातली स्वतःची वस्तू कधीतरी विकणं वेगळं आणि दर शनिवारी एस्टेट सेलला रांग लावून माल उचलून लिस्ट करणं वेगळं. पण तू तर हा खोका आणल्यापासून बिझनेसचाच विचार करतेयस, म्हणून एकही लिस्टिंग टाकायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी अर्धा तास बोल. ग्रीन कार्डची रांग इतकी वर्षं लावून एका कुंडीपायी अडचण नको. आणि जे विकशील त्यावरच्या नफ्याला टॅक्स आहे, सीएला पण सांगून ठेव. तोपर्यंत गोळा करणं, शिकणं, वाचणं यावर कोणाची बंदी नाहीये. मे आणि सप्टेंबरमध्ये स्प्रिंगफील्डला मोठा अँटिक बाजार भरतो, तुमच्यापासून पश्चिमेला तासाभरावर, तिथे नुसतं हिंडून कुंड्या उलट्या करत बस. शंभर कुंड्या उलट्या केल्यास की नकली तुझ्या हाताला कळायला लागेल, वजनावरूनच.

आणि आजी. फसवलंस का? नाही. तू भाव केला नाहीस, तुला काही माहीत नव्हतं, त्यांनी आपणहून दिलं. कायद्याने तू काही देणं लागत नाहीस आणि इथे कोणालाही विचारलंस तर गराज सेल म्हणजे गराज सेल असंच सांगतील. पण तू कायद्याचं विचारत नाहीयेस, झोप येत नाही असं लिहिलंयस. मोठ्या पत्रात तू हेही लिहिलं होतंस की पहिल्या बाळंतपणात तुझी आई यायच्या आधीचे आठ दिवस याच आजी रोज सूप घेऊन यायच्या. मग मला वाटतं तुला उत्तर माहीतच आहे, फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं, तर मी म्हणते. त्यांना सांग. विकल्यानंतर नाही, आधी. अनोळखी माणसाकडून घेतलं असतंस तर मी हे सांगितलं नसतं, घेणाऱ्याला जास्त माहिती असणं हा या व्यवहाराचा भागच आहे आणि मी पण अशाच कमी भावात घेतलेल्या वस्तू अभिमानाने घरात ठेवल्यात. पण शेजारी म्हणजे ते नाही.

मेसेज नको करू, जाऊन भेट. पैशाचं पहिलं वाक्य नको. त्यांना विचार ही पाइनकोनची कुंडी घरात कुठे असायची, कोणी आणली, लग्नातली का. त्यांच्या मुलीला ठेवायची असेल असंही निघेल, कदाचित तिला माहीतच नसेल की ती खोक्यात गेली. मग सांग की हिला चांगली किंमत आहे असं मला कळलंय, तुम्हाला परत हवी असेल तर ही घ्या, नको असेल आणि मी कधी विकली तर अर्धे तुमचे. बहुतेक त्या नको म्हणतील, हसतील, ठेव तुलाच म्हणतील. कदाचित परत घेतील. दोन्हीला तयार राहून जा, तोंड पडू देऊ नको, कारण परत घेतली तरी ती त्यांचीच होती. रुकवुडचंही सांग, तीच खरी लपलेली वस्तू आहे. आणि त्या जे सांगतील ते घरी आल्यावर तारीख घालून लिहून ठेव, कुठल्या दुकानातून, कुठल्या साली, कोणी दिली. कुंडी कोणाकडेही गेली तरी तो कागद तिच्याबरोबर जायला हवा.

जाताना पाइनकोनची आणि निळी, दोन्ही घेऊन जा. वेगवेगळ्या टॉवेलात गुंडाळ, सीटवर नको, ब्रेक लागला की घरंगळतात, खाली पायाशी दोघींच्या मध्ये उशी लावून ठेव. आणि काय झालं ते मला कळव.